गारव्याचे ऋण

घर बांधणे ही भारतीय धर्मविचारात केवळ गृहस्थाची खासगी सोय मानलेली नाही. जमीन उकरणे, झाड तोडणे, माती भाजणे आणि पाणी अडवणे ही सारी कर्मे त्यात येत असल्याने कोणाचे तरी काहीतरी घेतल्याशिवाय घर उभे राहत नाही, आणि जे घेतले त्याची भरपाई कशी करावी, हा प्रश्न गृहारंभाच्या विधींपासून श्रमणांच्या आचारनियमांपर्यंत अनेक ठिकाणी विचारलेला आढळतो. सौम्य हवामानाच्या प्रदेशात हा प्रश्न बराचसा झाकलेला राहतो. उष्ण आणि कोरड्या प्रदेशात मात्र तो उघडा पडतो, कारण तेथे घराकडून पहिली अपेक्षा गारव्याची असते. आणि गारवा हा पदार्थ कोठेही तयार होत नसून उष्णता एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी टाकली जाते किंवा मुळातच आत येऊ दिली जात नाही, एवढेच प्रत्यक्षात घडत असते. त्यामुळे उन्हाळ्यात गार असलेल्या प्रत्येक घराविषयी असे विचारता येते की, तेथून काढलेली उष्णता कोणाच्या वाट्याला गेली आणि त्यासाठी खर्ची पडलेले पाणी, लाकूड किंवा कोळसा कोणाचा होता. यवतमाळ जिल्ह्यात आज नव्याने बांधल्या जाणाऱ्या घराचा विचार या प्रश्नाच्या अंगाने करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. येथे धर्म या शब्दाने उपासनापद्धती अभिप्रेत नसून, आपल्या असण्याचा जो भार इतरांवर पडतो त्याची जाणीव ठेवून वागण्याचे बंधन, असा व्यापक अर्थ घेतला आहे.

यवतमाळ हा वाळवंटी प्रदेश नव्हे. उत्तरेला व पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा अशा दोन नद्यांच्या मध्ये पसरलेल्या या जिल्ह्यात साग-बांबूची जंगले आहेत, टिपेश्वरसारखे अभयारण्य आहे आणि पावसाळ्यात पुरेसा म्हणावा असा पाऊसही पडतो. तथापि मार्च ते जूनच्या मध्यापर्यंतचे तीन-साडेतीन महिने हा प्रदेश वाळवंटासारखा वागतो: तापमान ४५ अंशांच्या आसपास पोहोचते, हवेतील ओलावा जवळजवळ नाहीसा होतो आणि दुपारी पश्चिमेकडून येणाऱ्या झळा बंद दारालाही जुमानत नाहीत. यवतमाळचे स्थान सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. विदर्भात ज्याला नवतपा म्हणतात, म्हणजे सूर्याने रोहिणी नक्षत्रात प्रवेश केल्यानंतरचे नऊ तप्त दिवस, तो काळ लगेच त्याला जोडूनच २५ मेच्या सुमारास सुरू होतो. या दिवसांत विदर्भातील घराघरांत चालणारे जे यंत्र आहे, ते बाजारात डेझर्ट कूलर या नावाने विकले जाते, आणि ते नाव येथे अगदीच चुकीचे ठरत नाही. ओल्या ताट्यांमधून कोरडी हवा ओढली की पाण्याचे बाष्प होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते. एक लिटर पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते, एवढ्या एका आकड्यावर हे यंत्र उभे आहे. हवा कोरडी असेतोवरच ते उपयोगी पडते आणि मृगाचे ढग येऊ लागले की निरुपयोगी होते, म्हणजे त्याचा धर्म शब्दशः वाळवंटाचा आहे. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते, हे २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने अनुभवले. शहराला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले, नळाला पाणी येण्यात आठवड्यांचे अंतर पडू लागले आणि टँकरपुढे रांगा लागल्या. पिण्याच्या पाण्याची जेव्हा अशी ओढाताण होते, तेव्हा खोली गार करण्यासाठी हवेत उडवलेले पाणी ही खासगी बाब राहत नाही.

वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत या देण्याघेण्याची जाणीव एका कथेच्या रूपाने सांगितलेली आहे. मत्स्यपुराणानुसार अंधकासुराशी झालेल्या युद्धात शिवाच्या घामाच्या थेंबातून एक प्रचंड भुकेले भूत निर्माण झाले. ते त्रैलोक्य गिळायला निघाले तेव्हा देवांनी त्याला पालथे पाडून जमिनीवर दाबून धरले, आणि ज्या देवाने जो अवयव धरला तो देव त्या अवयवावर कायमचा स्थिर झाला. हाच वास्तुपुरुष. घराच्या जागेवर आखल्या जाणाऱ्या ८१ किंवा ६४ पदांच्या, म्हणजे चौकोनी घरांच्या, आकृतीला वास्तुमंडल म्हणतात आणि तिच्यात ४५ देवतांची स्थाने या वास्तुपुरुषाच्या देहावर दाखवलेली असतात. डोके ईशान्येला आणि पाय नैर्ऋत्येला. या कथेतील महत्त्वाचा भाग तिच्या शेवटी येतो. दाबून धरलेल्या त्या भूताने देवांना विचारले की, मी असा निश्चल पडून राहायचे तर खायचे काय? तेव्हा घर बांधणाऱ्यांनी अर्पण केलेला बली हे तुझे अन्न, असे त्याला सांगण्यात आले. वास्तुशांतीचा विधी या वचनातून आलेला आहे. घर ज्या भूमीवर उभे राहते ती निर्जीव पाटी नसून दाबून ठेवलेली एक भूक आहे, तिच्या पाठीवर राहणाऱ्याने तिचे देणे चुकवत राहिले पाहिजे, हा या कथेचा आशय धरला तर आजच्या घरबांधणीवर तिच्याइतके कठोर भाष्य दुसरे सापडणे अवघड आहे. दुर्दैवाने वास्तुशांतीतील पूजा उरली आणि देणे विसरले गेले. शौचालय कोणत्या कोपऱ्यात असल्यास धनहानी होते, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. त्याच घराच्या बोअरवेलने शेजारची विहीर कोरडी पडली का, हा प्रश्न वास्तुतज्ज्ञाच्या यादीत नसतो.

मूळ ग्रंथ मात्र जमिनीकडे बारकाईने पाहत होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येच्या अध्यायात भूमिपरीक्षेची एक रीत दिलेली आहे: एक हात लांब-रुंद-खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी; माती उरली तर जमीन उत्तम, पुरेपूर बसली तर मध्यम आणि कमी पडली तर त्याज्य. दुसऱ्या रीतीत खड्ड्यात पाणी भरून शंभर पावले चालून परत यावे आणि पाणी किती ओसरले ते पाहावे. लगेच पुढच्या अध्यायात वारुळे, झाडे आणि खडकांवरून भूगर्भातील पाणी कसे ओळखावे, याचे विवेचन येते, म्हणजे घर आणि पाणी हे विषय त्या काळी एकमेकांना लागूनच विचारात घेतले जात होते. हीच परीक्षा यवतमाळच्या कपाशीच्या काळ्या जमिनीत केली तर निकाल ऋतूप्रमाणे बदलेल. बेसाल्ट खडकाच्या विघटनातून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा देते. अशा मातीवर उथळ पाया घातलेले घर दरवर्षी थोडे उचलले जाते, थोडे खचते, आणि दाराच्या चौकटीपासून तिरपी चीर भिंतीत चढत जाते. म्हणूनच पाया मुरमापर्यंत नेणे, किंवा तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब खोल उतरवणे, या उपायांवाचून या जमिनीत आधुनिक बांधकाम टिकत नाही.

वऱ्हाडातील जुन्या गावांनी हा प्रश्न काळी आणि पांढरी या विभागणीने सोडवला होता. काळी म्हणजे पिकाऊ शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जेथील फिकट, राखमिश्रित, पिढ्यान्पिढ्यांच्या पडलेल्या भिंतींची माती पाण्याने फुगत नाही आणि म्हणून नव्या भिंतींना पुन्हा वापरता येते. काळीतून अन्न घ्यावे, तिच्यावर ओझे ठेवू नये. पांढरीवर राहावे आणि जुनेच घर मोडून नवे करावे, असा हा अलिखित नियम होता. त्याला कोणी धर्म म्हटले नसेल, पण देव-देवस्की, सीमा आणि मानपान यांच्यासह तो पाळला जात होता. आज शहरांच्या कडेला अकृषक परवाना घेऊन पाडलेले भूखंड बहुतांशी काळीवरच पडतात, आणि त्यातून जमिनीचेही नुकसान होते आणि घरांचेही.

या ग्रंथपरंपरेचा आधार घेताना तिचा एक दोष झाकून ठेवता येणार नाही. त्याच बृहत्संहितेत पांढरी, तांबडी, पिवळी आणि काळी माती अनुक्रमे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र यांना योग्य म्हणून वाटून दिलेली आहे आणि घरांची मापेही वर्णानुसार उतरत जातात. ज्या जमिनीने विदर्भाला कापूस दिला, तिला सर्वांत खालची पायरी देणारे हे वर्गीकरण मातीच्या निरीक्षणातून आलेले नाही. समाजातील उतरंड मातीवर लादली गेली आणि नंतर निसर्गाच्या नावाने तिचेच समर्थन झाले. खड्ड्याची परीक्षा घ्यावी आणि वर्णाची वाटणी टाकावी, अशी निवड येथे करावीच लागते. परंपरेत जे तपासता येते ते तपासून स्वीकारावे, हा निकष लावला तर नैर्ऋत्य बाजू जड आणि बंद ठेवावी या लोकप्रिय नियमालाही नीट अर्थ लागतो: दुपारनंतरचे ऊन त्याच बाजूने येते, म्हणून तेथे जाड भिंत, कोठार किंवा जिना असणे शहाणपणाचे आहे. तो नियम मोडल्यास घरातील कर्त्या पुरुषावर संकट येते, हे मात्र भीतीच्या जोरावर चालणाऱ्या धंद्याचे वाक्य आहे.

घराचा भार मोजण्याचा सर्वांत थेट प्रयत्न बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या संग्रहात, आढळतो. तेथे धनिय नावाच्या कुंभारपुत्र भिक्षूची कथा आहे. त्याची गवताची कुटी लोकांनी पुन्हा पुन्हा मोडून नेली, तेव्हा त्याने आपली कला वापरून केवळ मातीची कुटी घडवली आणि भोवती गवत, लाकूड व शेण रचून ती भांडे भाजावे तशी भाजून काढली. ती लाल, देखणी आणि टणक झाली. बुद्धांनी ती पाहिली आणि मोडून टाकायला सांगितले. भाजताना जे असंख्य लहान जीव जळाले त्यांच्याविषयी या भिक्षूला काहीच वाटले नाही का, असा त्यांचा आक्षेप होता. दुसऱ्या एका नियमात, भिक्षूने स्वतःसाठी मागून आणलेल्या साहित्याची कुटी बांधायची असेल तर तिची लांबी बारा आणि रुंदी सात वितींपेक्षा जास्त नसावी, जागा आधी इतर भिक्षूंना दाखवून त्यांची संमती घ्यावी, तेथे जीवांना धोका नसावा आणि भोवती मोकळी जागा असावी, असे सांगितले आहे. हा नियम भिक्षूंनी मजूर, बैल आणि साहित्य मागून मागून लोकांना हैराण केल्यानंतर घालण्यात आला, अशी त्याची पार्श्वभूमी विनयात नोंदलेली आहे. घराचे आकारमान, इंधनाचा जाळ, जागेवरील जीव आणि समाजावर पडणारा साहित्याचा बोजा हे चारही विषय येथे एकत्र आलेले आहेत; आज एखाद्या घराच्या विटा, सिमेंट आणि पोलाद तयार होताना किती इंधन जळाले याचा जो हिशेब वास्तुरचनाकार मांडू लागले आहेत, त्याचे नैतिक बीज या कथेत स्पष्टपणे दिसते. गृहस्थाला वितींचे माप लागू होत नाही, हे खरे. जागा इतरांना दाखवून संमती घेण्याची अट मात्र त्याला लागू का करू नये, याचे उत्तर सहज देता येत नाही.

गृहत्यागाची दुसरी धारा याच भूमीत रुजलेली आहे. तेराव्या शतकात वऱ्हाडात संचार करणाऱ्या चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना एका जागी न राहता अटन करावे, भिक्षेवर राहावे आणि झाडाखाली मुक्काम करावा, असा आचार सांगितला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी विसाव्या शतकात पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे इतरांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी घर केले नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांमध्ये अनिकेत, म्हणजे ज्याला निश्चित निवासस्थान नाही असा, हे विशेषण आले आहे. त्याचा अर्थ घर सोडलेला संन्यासी असा लावला तर गृहस्थ त्यातून सुटतो आणि प्रश्न तेथेच संपतो. ज्ञानेश्वरांनी मात्र या लक्षणाचा विस्तार करताना घर नसण्याकडून सारे विश्वच घर असण्याकडे विचार नेला. ही कल्पना सहसा उदार भावनेचे उद्गार म्हणून उद्धृत केली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. ती अक्षरशः खरी मानली तर काय होते, हे पाहणे येथे आवश्यक आहे, कारण निबंधाचा मुख्य मुद्दा त्यातूनच निघतो.

वातानुकूलन यंत्र, ज्याला सर्वत्र एसी म्हटले जाते, ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. एक टन क्षमतेचे यंत्र पूर्ण जोमाने चालत असता खोलीतून सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता काढते, त्यासाठी साधारण एक किलोवॉट वीज वापरते आणि या दोहोंची बेरीज, म्हणजे जवळपास साडेचार किलोवॉट उष्णता, बाहेरच्या पंख्यातून बोळात फेकते. ज्याचे घर भिंतीपाशी संपते त्याच्या दृष्टीने हा व्यवहार फायद्याचा आहे. ज्याचे घर विश्व आहे त्याच्या दृष्टीने त्याने आपल्याच घराच्या एका खोलीतील उष्णता, वर भर घालून, दुसऱ्या खोलीत नेऊन ओतली आहे; त्या दुसऱ्या खोलीत शेजाऱ्याची खिडकी आहे, गाडीवर भाजी विकणारी बाई आहे आणि सावलीला बसलेले कुत्रे आहे. विजेचा मार्ग मागे शोधत गेले तर तो विदर्भातील औष्णिक वीजकेंद्रांपर्यंत आणि वणी तालुक्यातील कोळशाच्या खाणींपर्यंत पोहोचतो, जेथील रस्त्यांच्या कडेची पिके धुळीने काळी पडतात. बाहेर ही जागाच शिल्लक राहत नाही, हा विश्वगृहाच्या कल्पनेचा व्यावहारिक परिणाम आहे. रुग्ण, तान्ही मुले आणि वृद्ध यांच्यासाठी ४५ अंशांच्या दिवसांत हे यंत्र जीवनरक्षक ठरू शकते, आणि त्याला सरसकट पाप ठरवणारा विचार निर्दय होईल. तथापि घराची रचनाच अशी करणे की त्या यंत्राशिवाय ते राहण्यायोग्य उरू नये, म्हणजे पश्चिमेला काचेची भिंत, वर उघडा स्लॅब आणि भोवती फरशीचे अंगण, हे टाळता येण्याजोगे ऋण जाणूनबुजून अंगावर घेणे आहे.

हे ऋण कमीत कमी ठेवून बांधलेल्या घराचे सर्वज्ञात उदाहरण यवतमाळच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले, ज्याचे नाव पुढे सेवाग्राम झाले. साहित्य आणि कारागीर जवळपासचेच असावेत आणि खर्च अगदी थोडा असावा, या अटीवर तेथील निवास उभे राहिले. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी झोपडी मुळात मीराबेन यांची होती. लाकडी खांब, कुडावर थापलेली माती, वर कवेलूंचे उतरते छप्पर, भोवती खाली झुकलेली पडवी आणि शेणाने सारवलेली जमीन. भिंतींवर मीराबेन यांनी मातीतच उठावाने काढलेली ताडाची झाडे आणि चरखा. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, झुकलेल्या पडवीमुळे भिंतीवर ऊन पडत नाही, आणि मातीची जमीन अंगाला गार लागते. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामच्या एका परिषदेसाठी आले असता या कुटीत बसून राहिले आणि पुढे आपल्या भाषणात त्यांनी तिचेच विवेचन केले. कुटीत एकमेकांहून वेगळ्या सात प्रकारच्या जागा आहेत, असे त्यांनी दाखवून दिले, जिथे पायताण काढायचे त्या उंबऱ्यापासून सुरुवात करून. आणि सामान ठेवण्यासाठी बांधलेली इमारत व माणसाने राहण्याची जागा यांत त्यांनी फरक केला. त्यांच्या निरीक्षणात हवामानासंबंधीचे एक तथ्य दडलेले आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही: उष्ण प्रदेशातील राहणे हे दिवसभरात घरातल्या घरात होणारे स्थलांतर असते. सकाळ ओसरीवर, दुपार आतल्या अंधाऱ्या खोलीत, संध्याकाळ अंगणात आणि रात्र खाटेवर उघड्या आभाळाखाली, असे माणूस हलत राहिले तर प्रत्येक जागा चोवीस तास गार ठेवण्याची गरज उरत नाही. एका बंद खोलीत दिवसरात्र राहण्याची सवय हीच सर्वांत खर्चिक गोष्ट आहे.

यवतमाळमध्ये स्वतःच्या गरजेनुसार आखून बांधल्या जाणाऱ्या आधुनिक घराला बापूकुटीची नक्कल करण्याचे कारण नाही. तिच्यातील संयम आजच्या साहित्यात आणता येतो. घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर उन्हाला सामोऱ्या जाणाऱ्या भिंती लहान होतात. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४६ अंश उंचीवर असतो आणि मे महिन्यात डोक्यावर, म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर पुढे आलेली साधी पडवी हिवाळ्याचे ऊन आत घेते आणि उन्हाळ्याचे अडवते. पश्चिमेला अशी कोणतीही युक्ती चालत नाही, कारण तेथे सूर्य खाली उतरून थेट आत येतो, आणि म्हणून तेथे न्हाणीघर, जिना व कोठार यांची रांग आणि जाड भिंत हवी. सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचायला आठ ते बारा तास लागतात; तोवर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडून ती बाहेर घालवता येते. थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटांची भिंत हेच काम कमी जाडीत बऱ्याच अंशी करते, आणि धनियाच्या कुटीवरील आक्षेपही तिला लागू होत नाही. छपराच्या बाबतीत वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राचा प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने कुंभाराच्या चाकावर घडवलेले शंकूच्या आकाराचे मातीचे नळे एकमेकांत बसवून त्यांची कमान करण्याची पद्धत रुजवली, ज्यात सागाचे लाकूड किंवा पोलादी सळई फारशी लागत नाही आणि नळ्यांतील पोकळ हवा उष्णतेला अडवते. ते नळे भाजावे लागतात, हे खरे. मात्र ते गावच्या कुंभाराच्या भट्टीत भाजले जातात, आणि कुंभाराला काम मिळते.

झाडांची निवडही विचाराने करावी लागते. या जिल्ह्याची ओळख असलेला साग नेमका उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, पळसही तसाच. कडुनिंबाला मात्र चैत्रात नवी पालवी येते आणि मे महिन्यात त्याची सावली गडद असते. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले तर सैद्धांतिकदृष्ट्या नव्वद हजार लिटर पाणी मिळते. त्यातील थोडा भाग वाया गेला तरी जे टाकीत किंवा जमिनीत मुरवले जाते, ते वास्तुपुरुषाला दिलेल्या बलीचे आजचे रूप म्हणता येईल. अशा घरात कूलर चालवायलाही हरकत राहत नाही, कारण त्याला लागणारे पाणी त्या घराने आधी जमा केलेले असते. जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते, ही गोष्टही येथे नवी नाही. कळंबच्या चिंतामणी मंदिरात भाविक पायऱ्या उतरून भूपातळीखाली जातो आणि कुंडापाशी पोहोचतो, तेव्हा तेथील थंडावा त्याला देवाच्या सान्निध्याचाच भाग वाटतो.

या साऱ्या विवेचनाला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मातीचे घर श्रम मागते. दर आठवड्याचे सारवण, पावसाळ्यापूर्वी कवेलू चाळणे, वानरांनी उड्या मारून फोडलेली कवेलू बदलणे, वाळवीचा बंदोबस्त आणि सापविंचवाची भीती, ही कामे व चिंता बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येतात, आणि त्यांच्या श्रमाची नोंद ‘स्वस्त घर’ या शब्दांत होत नाही. उष्णतेचे ऋण टाळण्यासाठी स्त्रीच्या श्रमाचे ऋण वाढवले तर हिशेब फक्त वही बदलतो. दुसरे असे की, ज्या समाजांना शतकानुशतके गावाबाहेर कच्च्या घरांत राहायला लावले गेले, त्यांच्यासाठी पक्के घर ही प्रतिष्ठेची निशाणी आहे; संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामव्यवस्थेच्या गौरवीकरणावर जी टीका केली, तिचा रोख याच अनुभवाकडे होता. इजिप्तमध्ये हसन फतही यांनी १९४० च्या दशकात लक्सरजवळ नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांच्या घुमटांनी बांधले. हवामानाच्या दृष्टीने ती रचना उत्तम होती, पण ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांतील बहुतेकांनी तेथे राहायला जाण्यास नकार दिला, आणि घुमट हे त्यांच्या दृष्टीने थडग्याचे लक्षण होते, हेही त्याचे एक कारण सांगितले जाते. जिल्ह्यातील कोलाम समाजाच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या लहान वस्त्यांवर, बांबूच्या कुडाची आणि मातीच्या लेपाची घरे आजही दिसतात. ती हवामानाला साजेशी आहेत म्हणून कोलामांनी त्यांतच राहावे, असे म्हणण्याचा अधिकार स्लॅबखाली राहणाऱ्याला नाही. संयम हे ज्याच्याकडे निवड आहे त्याचे व्रत असते, ज्याच्याकडे ती नाही त्याच्यावर ते लादले की अन्याय होतो.

म्हणून या प्रश्नाची खरी कसोटी ऐपतदाराच्या आखीव बंगल्यापेक्षा घरकुलात लागते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठेवलेले आहे. एवढ्या पैशात पातळ भिंती आणि स्लॅब किंवा टिनपत्रे याहून वेगळे काही बहुधा जमत नाही, आणि मे महिन्यात दिवसा तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता ओतत राहतो. सर्वांत कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबाला सर्वांत गरम खोली मिळते. येथे वाळवंटातील एक रीत कामाची आहे. जैसलमेरमध्ये घरे एकमेकांना भिंती लावून बांधलेली आहेत, गल्ल्या अरुंद आहेत आणि प्रत्येक घर शेजारच्या घराला सावली देते. पोडावर किंवा गावठाणात चार लाभार्थ्यांनी आपापली घरकुले सुटी न बांधता पूर्व-पश्चिम ओळीत, मधल्या भिंती सामाईक ठेवून बांधली, तर मधल्या घरांना पश्चिमेचे ऊन लागतच नाही आणि वाचलेल्या भिंतींचा पैसा छपरावर कवेलूंचा दुसरा थर घालायला वापरता येतो. मात्र ओळीच्या पश्चिम टोकाला एक घर असणारच, आणि चौघांच्या वाट्याचे दुपारचे ऊन त्या एका भिंतीवर येणार. ते घर कोणी घ्यायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येईल. त्या भिंतीची जास्तीची जाडी, तिच्या बाहेरचा कडुनिंब आणि त्याला पहिली तीन वर्षे घालायचे पाणी यांचा खर्च व श्रम चारही घरांनी वाटून घेतला पाहिजे, आणि हे पाया खणण्याआधी, सर्वांच्या देखत ठरले पाहिजे.